थेस्सलनीकाकरांचे पत्र आणि आमची पेज

मित्रांनो, मी एक जुना, जाडजूड ग्रंथ आहे. चर्चच्या मंडळीतले लोक मला शास्त्र म्हणतात, शाळेत जाणारी मुले बायबल म्हणतात आणि चर्च झाडायला येणारी नम्रता मला नुसते 'म्हातारो' म्हणते. मालवणजवळ, खाडीच्या काठावर, माडांच्या सावलीत कौलांचे एक लहानसे चर्च आहे. त्याच्या मागच्या खोलीतल्या कपाटात आता माझा मुक्काम असतो. कपाटाचे दार नीट लागत नाही. त्या फटीतून मला थोडा उजेड दिसतो आणि बाहेरचे बोलणे मात्र सगळे ऐकू येते.

माझ्या पोटात पुष्कळ काही आहे. राजांच्या हकिकती आहेत, गाणी आहेत, रडणे आहे, शेताच्या आणि समुद्राच्या गोष्टी आहेत. आणि अगदी शेवटाकडे पत्रे आहेत. कोणी तुरुंगात बसून लिहिलेली, कोणी प्रवासात थांबून लिहिलेली, पुष्कळशी पौल नावाच्या प्रेषिताची. दूरच्या गावांतल्या लहान लहान मंडळ्यांना ती पाठवलेली होती. रोमकरांस, करिंथकरांस, गलतीकरांस, इफिसकरांस, थेस्सलनीकाकरांस. मालवणकरांस मात्र एकही नाही.

या 'कर'ने आमच्याकडे मोठी गंमत केली आहे. आमच्या किनाऱ्यावर गावाच्या नावाला 'कर' जोडले की माणसाचे आडनाव तयार होते. आचऱ्याचा आचरेकर, मिठबावचा मिठबावकर, धामापूरचा धामापूरकर. त्यामुळे इथल्या मुलांच्या कित्येक पिढ्यांना माझ्यातली ही माणसे जिल्ह्यातलीच वाटत आली आहेत.

"बाई, करिंथ खंय इला? कसालच्या फुडे काय?" रविवारच्या शाळेत एकदा एका मुलाने विचारले.

"आणि गलतीकर म्हणजे गलती करणारे," दुसरा ठासून म्हणाला. "म्हणान तर तेंका पत्र लिवचा लागला!"

शाळा घेणाऱ्या राधाबाई खूप हसल्या. धामापूरच्या प्राथमिक शाळेत त्यांनी आयुष्यभर शिकवले, आणि निवृत्त झाल्यावर रविवारची मुले तेवढी आपल्याकडे ठेवली. त्यांनी नकाशा आणून करिंथ कुठे आहे ते दाखवले. पण जाता जाता म्हणाल्या, "शेजारचे समजान वाचलात तरी काय बिघडणा नाय. फक्त एक लक्षात ठेवा. पत्र तेंचा आसा. आपण तेंच्या ओटीवर बसान आयकतो."

तेव्हा मी त्यांच्यासमोरच उघडा पडलेलो होतो. ते दिवस आठवले की अजूनही पाने सैल होतात.

माझा जन्म मुंबईच्या एका छापखान्यात झाला. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून माझी पाने छापली गेली. शाईचा तो पहिला ओला वास मला आजही आठवतो. मग शिवण झाली, काळ्या चामड्याची पाठ बसली, आणि मेणकापडात गुंडाळून मला आगबोटीवर चढवले. त्या काळी मुंबईहून मालवणला आगबोट येत असे. मोठी बोट बंदरात आत येऊ शकत नसे, म्हणून ती लांब उभी राही आणि माणसे, ट्रंका, गाठोडी लहान होड्यांतून किनाऱ्याला येत. मीही तसाच आलो, एका म्हातारीच्या मांडीवर बसून. माझ्या आत काय आहे ते तिला ठाऊक नव्हते. पण लाटेचे पाणी उडाले की ती पदर माझ्यावर धरत होती.

मला उघडून ठेवायला उंच, उतरत्या माथ्याचे लाकडी पीठ हवे होते. ते हरिश्चंद्र सुताराने केले. हरिश्चंद्र देवळाच्या पालखीचे काम करणारा माणूस. त्याने फणसाची फळी आणली, मला हातात तोलून पाहिले आणि त्या वेळच्या पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, विचारले, "ह्यां पुस्तक रोज उघडतलास काय नुसता बघूक ठेवतलास?"

"रोज उघडणार," पाळक म्हणाले.

"मगे उतार कमी ठेवतंय. नायतर कंबार मोडात तेचा."

कोणीतरी माझ्या कमरेची काळजी केली, मित्रांनो, ही गोष्ट मी विसरलेलो नाही.

त्या पिठावर माझी उमेदीची वर्षे गेली. लग्ने लागली ती माझ्यासमोर, तान्ह्या मुलांची नावे ठेवली ती माझ्यासमोर, आणि वादळात होडी परत आली नाही तेव्हा बायका ज्या ओळी ऐकायला आल्या, त्याही माझ्यातल्याच. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांनी मला कानांनी पाठ केले. माझ्या पानांच्या कडांना खोबरेलाचे डाग आहेत, माशांच्या खवल्यांचा वास आहे, खारे वारे तर शिवणीपर्यंत शिरले आहेत. एकदा पाठ पार निखळली, तेव्हा मला कसालच्या बाजारात बांधायला नेले. बांधणाऱ्याकडे निळे कापड शिल्लक होते, म्हणून काळ्याचा मी निळा झालो. परत आलो तेव्हा लोक म्हणाले, "म्हाताऱ्यान नयो सदरो घातल्यान!"

त्याच दिवसांतला एक किस्सा सांगतो. बाबली मिठबावकर तेव्हा तरणाबांड होता. रापण ओढण्यात त्याच्यासारखा गडी नव्हता. रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी दोर धरून ओढायचे लांबच लांब जाळे. सारी वाडी त्या दोराला लागते आणि मासळीचा वाटा साऱ्यांना मिळतो. बाबली ओढायचा भरपूर आणि संध्याकाळी माडी प्यायचाही भरपूर. जुन्या पाळकांनी त्याला टोकले, तर हा पठ्ठ्या माझ्यातलेच एक पान दाखवू लागला.

"पौलान तीमथ्याक काय लिवल्यान? नुसता पाणी पिया नको, पोटासाठी थोडो द्राक्षारस घे. माझापण पोट दुखता. हयसर द्राक्षारस गावणा नाय, म्हणान माडी घेतंय."

"बाबली," पाळक शांतपणे म्हणाले, "तां पत्र तीमथ्याक लिवलेला. तुका नाय."

सगळे चर्च हसले. पण त्या दिवसापासून बाबलीच्या हाती एक आयतेच उत्तर आले. खोटे बोलू नये, राग धरू नये, रोज कष्ट करावेत, असे कोणी काहीही वाचून दाखवले की तो खांदे उडवून म्हणे, "तां दुसऱ्याचा पत्र!"

वर्षे गेली. आगबोट बंद झाली, रस्ते आले, पर्यटक आले. चर्चमध्ये भिंतीवर अक्षरे पाडणारे यंत्र आले आणि माझ्या जागी सोप्या भाषेतला नवा ग्रंथ आला. त्याच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. तो मुलांशी त्यांच्या भाषेत बोलतो, मी आजोबांच्या भाषेत बोलतो. पुढे तर माणसांच्या खिशातल्या फोनमध्येच सारे शास्त्र मावले. मला कपाटात ठेवताना राधाबाईंनी माझ्यावरून हात फिरवला. एवढेच.

आता मी तुम्हाला पेजेबद्दल सांगतो, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

पावसाच्या महिन्यांत आमचा दर्या बंद असतो. होड्या वर ओढून माडाच्या विणलेल्या झापांखाली ठेवतात. कोणाकडे शेत असते, कोणाकडे मुंबईहून येणारे पैसे असतात, कोणाकडे काहीच नसते. म्हणून फार पूर्वीपासून आमच्या मंडळीत एक रीत आहे. घरोघरून मुठीमुठीने तांदूळ येतात आणि रविवारची उपासना झाली की चर्चच्या मागच्या पडवीत मोठ्या टोपात पेज शिजते. सोबत भाजलेला सुका बांगडा आणि खारातली कैरी. पेज ढवळते नम्रता. जो येईल तो वाडगा पुढे करतो. कोण काय करतो, हे तिथे कोणी विचारत नसे.

बाबली आता म्हातारपणाकडे झुकला आहे. एकटाच राहतो. रापण मोडल्यापासून त्याने कामच सोडले. दिवसभर वाळूत उलट्या ठेवलेल्या होडीला टेकून बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याची चेष्टा करायची. पावसात तेवढी रविवारची पेज चुकवायची नाही. दोन वाडगे तिथे आणि एक डबा भरून घरी, तो सोमवारसाठी.

हे भाई आचरेकरांना खुपत असे. भाई मंडळीतले वडीलधारे. त्यांचा बर्फाचा कारखाना आहे. पहाटे उठून कामाला लागणारे, सचोटीचे गृहस्थ. पेजेला तांदूळ कमी पडले तर कसालहून पोते आणून टाकणारे तेच. त्यांना एक सवय आहे. रोज सकाळी मंडळीच्या फोनवरच्या गटावर माझ्यातली एक ओळ पाठवायची, मागे मावळत्या सूर्याचे किंवा गुलाबाचे चित्र लावून. त्या ओळीच्या आधी काय होते, नंतर काय होते, कोणी कोणाला लिहिली होती, याचा पत्ता त्या चित्रावर नसतो. परवाच्या पावसाळ्यात त्यांनी एक ओळ पाठवली. तिचा अर्थ असा, की ज्याला काम करायची इच्छा नाही, त्याने जेवूही नये. मागे सूर्यास्त, पुढे दोन माड. नाव कोणाचेच नव्हते. पण ते कोणासाठी आहे, हे साऱ्या वाडीला कळले.

त्या वर्षी आमच्याकडे नवे पाळक आले होते, सुशांत. वयाने तरुण, मनाने सरळ. शास्त्रातली एकही गोष्ट आपल्या हातून सुटू नये, याची त्यांना फार काळजी. भाईंच्या चित्राखाली त्यांनी जोडलेले दोन हात पाठवले.

रविवारी बाबलीने वाडगा पुढे केला. नम्रताने पळी भरली. तेवढ्यात भाई म्हणाले, "बाबली, मेसेज बघलंस मा?"

"माझो बटनांचो फोन. तेच्यात फक्त लोकांचो आवाज येता, अक्कल येणा नाय."

"मगे आयक." भाईंनी ती ओळ म्हणून दाखवली.

बाबलीने नेहमीचे अस्त्र काढले. "तां पत्र थेस्सलनीकाकरांचा. मी मिठबावकर!"

लोक हसले. भाई हसले नाहीत. त्यांनी सुशांत पाळकांकडे पाहिले. "पाळकसाहेब, तुमीच सांगा."

पाळक हळू आवाजात म्हणाले, "बाबलीकाका, पत्र त्यांना लिहिलेलं असलं तरी शास्त्र आपल्या सगळ्यांसाठी आहे. लिहिलंय ते लिहिलंय."

कपाटात मला पळी टोपावर टेकल्याचा आवाज आला. मग वाडगा ओट्यावर उपडा ठेवल्याचा. बाबली पावसात निघून गेला. त्याच्या मागून कोणी गेले नाही.

पुढच्या रविवारी तो आला नाही. नम्रता त्याच्या शेजारीच राहते. भांडी लावता लावता ती राधाबाईंना म्हणाली, "बाई, तेच्या घरातसून धूर येणा नाय. चूल पेटता की नाय देव जाणे. डबो दिलंय तर दार उघडल्यान नाय. म्हणता, 'शास्त्रान नको म्हटल्यान हा.'"

शास्त्राने! मित्रांनो, तेव्हा मला काय वाटले असेल? ते अन्न मी तोडले असे तो माणूस समजून बसला होता. आणि मला तोंड नाही.

त्यानंतर तीन-चार दिवस मोठे वारे सुटले. माड पडले, विजेचे खांब पडले. रविवार उजाडला तेव्हा वीज नव्हती, फोन मेलेले होते आणि नेटवर्क कुठेच नव्हते. उपासनेच्या आधी राधाबाई मागच्या खोलीत आल्या. पाळक तिथे मेणबत्ती शोधत होते.

"पाळकसाहेब, एक विचारू? ते पत्र तुम्ही सबंध कधी वाचून दाखवलंत?"

"कोणतं?"

"थेस्सलनीकाकरांचं."

"बाई, मला कळतंय तुम्ही कशाबद्दल बोलताय. मलाही आठवडाभर झोप नाही. पण तुम्हीच सांगा. ते दुसऱ्यांना लिहिलंय म्हणून आपल्याला लागू नाही, असं म्हणायचं का? मग प्रीतीवरचा तो अध्यायही करिंथकरांचा. तोही सोडायचा? सगळीच पत्रं दुसऱ्यांची आहेत. मग आपल्याकडे उरेल काय?"

"सोडायचं कोण म्हणतंय?" राधाबाई खुर्चीवर बसल्या. "माझ्या लहानपणी वाडीत वाचता येणारी मी एकटी मुलगी. मुंबईहून पत्र आलं की मला बोलावणं. सावित्रीच्या नवऱ्याचं पत्र आलं एकदा. सगळे ओटीवर बसलेले. मी वाचायला लागले, 'दारातला आंबा तोडून टाका.' एवढं ऐकलं आणि तिचा दीर शिवा उठला. घाईचा माणूस. पुढचं होतं, 'असे मागच्या पत्रात लिहिले होते ते मनावर घेऊ नका.' ते मी वाचेपर्यंत कुऱ्हाडीचा घाव ऐकू आला."

"मग?"

"मग काय! त्या वर्षी सावित्रीने कैऱ्या विकत आणल्या. शिवाने खोटं काहीच केलं नव्हतं हो. पत्रात होतं तेच केलं. फक्त सगळं ऐकलं नाही. दुसऱ्याचं पत्र आधी दुसऱ्याचं म्हणून वाचावं. ती माणसं कोण होती, त्यांच्या घरात काय बिघडलं होतं, लिहिणाऱ्याचा जीव कशासाठी तुटत होता. ते कळलं की मग आपोआप दिसतं, त्यातलं आपल्या दारात काय येतं ते. बाबली म्हणतो, हे माझ्यासाठी नाही. भाई म्हणतात, हे तुझ्यासाठी आहे. 'हे माझ्यासाठी आहे का,' असं विचारणारं कोणीच नाही."

पाळकांनी मेणबत्ती शोधणे सोडून दिले. मग म्हणाले, "आज वाचू या. पण फोन बंद आहे, यंत्र बंद आहे, आणि नवं शास्त्र त्या गळक्या कौलाखाली भिजलंय."

"मग म्हाताऱ्याला काढा," राधाबाई म्हणाल्या.

कपाटाचे दार उघडले, आणि कित्येक वर्षांनी मी माणसांत आलो.

उपासना झाली. पडवीत चूल पेटली होती. पाळकांनी मला मांडीवर घेतले आणि तन्वी नावाच्या सातवीतल्या मुलीला शेजारी बसवले, कारण तिचे डोळे चांगले होते. राधाबाईंनी उपासना सुरू होण्याआधी तिला बाबलीकडे पाठवले होते, असा निरोप घेऊन, की तुझ्याविषयीचे पत्र वाचणार आहेत, ऐकायला ये.

तो आला. खरेच आला. छत्री न मिटताच दारात उभा राहिला.

"माझ्याविषयी पत्र? कोणी लिवल्यान?"

"आयक तर खरा," राधाबाई म्हणाल्या. "आणि ती छत्री मीट. हयसर आत पाऊस पडणा नाय."

तन्वी वाचू लागली. माझी जुनी जोडाक्षरे तिला अडखळवत होती. 'थेस्सलनीकाकरांस' म्हणताना तिची जीभच वळेना आणि लहान मुले खिदळली. पण ती एक एक ओळ वाचत गेली. त्या गावातल्या लोकांचा छळ होत होता. तरी ते एकमेकांवर माया करत होते, म्हणून लिहिणारा त्यांचे कौतुक करत होता. मग ते घाबरल्याची गोष्ट आली. कोणीतरी त्यांच्यात आवई उठवली होती, की प्रभूचा दिवस येऊन ठेपला, आता सारे संपले.

"म्हणजे आता सगळा संपतलाच, तर शेत कित्या कापूचा, असा?" नम्रता पळी हातात धरून म्हणाली.

"तसंच," पाळक म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. ते आता शिकवत नव्हते, ऐकत होते. "म्हणून काहींनी कामधंदा सोडला. आणि लिहिणारा स्वतः रात्रंदिवस हातांनी काम करत होता, कोणावर भार नको म्हणून."

मग ती ओळ आली. ज्याला काम करायची इच्छा नाही, त्याने जेवूही नये. चुलीत ओले लाकूड तेवढे चरचरले.

बाबली दारातून म्हणाला, "तसाच माझा झाला."

सगळ्यांनी वळून पाहिले.

"रापणीक मासो गावणा नाय. मोठ्या बोटी येतत, लाइट लावतत, सगळा घेवन जातत. माका वाटला, संपला आता. मगे जाळा कोणासाठी इणूचा?" तो हसला नाही. "म्हणजे मी थेस्सलनीकाकरच की रे."

त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याचे पत्र आपले म्हटले होते. भाईंनी मान डोलावली, आपला मुद्दा सिद्ध झाला म्हणून. पण तन्वी थांबली नव्हती. पुढची ओळ आली, की काही जण काम तर करत नाहीतच, पण नको तिथे लुडबुड करतात.

"आता ह्यां कोणाक?" बाबलीने विचारले.

"रोज सकाळी चित्रां धाडतत तेंका," मागून एक बाई म्हणाली, आणि पडवी हसली. भाईंचे कान लाल झाले.

तन्वीने पुढे वाचले. चांगले करताना थकू नका. जो ऐकत नाही त्याच्यापासून दूर राहा, म्हणजे त्याला लाज वाटेल. इथे भाईंनी पुन्हा मान वर केली. तन्वीने पान उलटले. तरीही त्याला वैरी समजू नका. भाऊ समजून त्याला चार शब्द सांगा.

आणि मग शुभेच्छा, आणि पत्र संपले. एवढेसेच आहे ते. पेज उतू जायच्या आत वाचून झाले.

बाबलीने छत्री मिटली. "भाई, भाऊ म्हणान सांगूचा होता तर घराक येवचा. मोबाईलार कित्या? आणि ता पण सूर्यास्त लावन!"

पाळक बोलायला गेले, पण राधाबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. मग भाई उठले. ओट्यावरचा एक वाडगा घेतला, नम्रतापुढे धरला आणि भरलेला वाडगा दोन्ही हातांनी बाबलीसमोर नेला.

"धर. माका घराक येवचा सुचाक नाय. चुकला माझा. पण बाबली, आता भाऊ म्हणान सांगतंय. कारखान्यार माका माणूस व्हयो आसा. उद्या ये."

"उद्या? उद्या सोमवार!"

"मेल्या, कामा सोमवारीच सुरू होतत."

त्यावर बाबलीलाही हसू आवरले नाही. तो बसला आणि जेवला. सुशांत पाळक त्याच्या शेजारी जाऊन बसले. "बाबलीकाका, त्या दिवशी मी अर्धंच वाचलं होतं," एवढेच ते म्हणाले. बाबलीने आपल्या वाटणीचा बांगड्याचा तुकडा त्यांच्या वाडग्यात टाकला.

सगळे जेवल्यावर बाबलीने रिकामा टोप ओढून घेतला आणि काथ्या व राख घेऊन घासायला बसला. भाई चपला शोधत होते.

"भाई, खंय चललात? पत्र सगळ्यांक आसा मा?"

भाई परत फिरले. त्यांनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि टोपाच्या दुसऱ्या बाजूला बसले. नंतर मला पुसून कपाटात ठेवले गेले, तेव्हाही तो काथ्याचा खसखस आवाज येत होता, आणि दोघे कोणती बाजू जास्त काळी आहे यावर भांडत होते.

बाबली पार बदलला, असे मी सांगणार नाही. काही सोमवारी तो कारखान्यावर जातो, काही सोमवारी त्याचा पाय दुखतो. न आला की भाई त्याच्या घरी जातात आणि दारातून शिव्या घालतात. पेज मात्र बंद झालेली नाही, आणि वाडगा कोणाचा आहे हे पुन्हा कोणी विचारलेले नाही. वीज आल्यावर यंत्र सुरू झाले, नवा ग्रंथ वाळला, आणि मला परत कोणी उघडले नाही. त्याचे मला वाईट वाटते. पण त्या दिवशी तन्वीचे बोट माझ्या एकेका अक्षराखालून चालले होते, ते आठवले की म्हातारपण हलके होते.

मित्रांनो, माझ्यासारखे जुने ग्रंथ तुमच्याही घरी असतील, कोणत्याही धर्माचे, कोणत्याही भाषेतले. त्यांची पाने कोरड्या हातांनी उलटा, कोपरे दुमडू नका, कसर लागू देऊ नका. पण त्याहून मोठी काळजी वेगळीच आहे. त्यांतली एखादी ओळ उचलून कोणाच्या दारात टाकण्याआधी, ती कोणाच्या दारासाठी लिहिली होती ते विचारा. तिच्या मागची आणि पुढची ओळही वाचा. मग ती ओळ आधी आपल्या घरात न्या, स्वतःला वाचून दाखवा. आणि तरीही ती शेजाऱ्याला सांगावीशी वाटलीच, तर उठा, चपला घाला आणि त्याच्या घरी जा.